मैदानाच्या कडेचा साक्षीदार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मैदानावर जाऊन खेळ पाहण्याचा ज्याला नाद आहे, त्याला घरची माणसं एक प्रश्न हमखास विचारतात. टीव्हीवर सगळं जवळून दिसतं, हुकलं तर पुन्हा दाखवतात, सावलीत बसून चहा पीत पाहता येतं. मग उन्हातान्हात जाऊन, लोकांच्या खांद्यावरून माना उंचावून पाहायचं कशासाठी? प्रश्न रास्त आहे. मी परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातला, वालूरचा माणूस. मोठं स्टेडियम आमच्या वाट्याला कधी आलं नाही. शाळेचं मैदान, जत्रेतला कुस्त्यांचा फड आणि सुगी संपल्यावर मोकळी झालेली रानं, एवढीच आमची क्रीडांगणं. पण या प्रश्नाचं उत्तर मला तिथंच सापडलं.

खेळातला दुर्मीळ क्षण तिथी-वार सांगून येत नाही. लग्नाची पत्रिका येते, सभेची दवंडी पिटतात, जत्रेची तारीख पंचांगातून कळते. या क्षणाचं तसं काही नसतं. गाजावाजा झालेला अंतिम सामना अगदी मिळमिळीत होतो, आणि कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या एखाद्या दुपारी असं काही घडतं की पाहणारा जन्मभर ते सांगत राहतो. ते पाहायला मिळायचं असेल तर एकच उपाय. जात राहायचं, आणि शेवटपर्यंत थांबायचं.

मी तेव्हा आठवी-नववीत असेन. शाळेच्या मैदानावर शेजारच्या गावचा संघ कबड्डी खेळायला आला होता. स्पर्धा नव्हती, करंडक नव्हता. बाजाराचा दिवस होता. बाजार उरकून घरी निघालेली माणसं पिशव्या खाली ठेवून घटकाभर थांबली होती, तेवढाच प्रेक्षकवर्ग. आमच्या संघाचा एकच गडी आत उरला होता. समोर सातच्या सात उभे. तो बाद झाला की लोण. निकाल लागल्यासारखाच होता, म्हणून लोकांनी पिशव्या उचलायला सुरुवात केली होती.

तो चढाईला गेला. उजव्या कोपऱ्याला हात लावून वळतो न वळतो तोच एकाने त्याचा घोटा धरला. दुसऱ्याने कमरेला मिठी घातली, तिसरा पाठीवर आला, चौथ्याने दुसरा पाय ओढला. चौघांच्या ढिगाखाली तो दिसेनासा झाला. पण त्याचा दम ऐकू येत होता. 'कबड्डी, कबड्डी' चाललंच होतं. तो ढीग हळूहळू मध्यरेषेकडे सरकायला लागला. माती उकरत, कोपर घासत तो तसूतसूने पुढं आला आणि त्याच्या बोटांची टोकं रेषेवर टेकली. एका दमात चार गडी बाद! बाहेर बसलेले आमचे चौघे उड्या मारत आत शिरले. उचललेल्या पिशव्या पुन्हा खाली ठेवल्या गेल्या. पुढं तो सामना आमच्या गावाने जिंकला.

त्या क्षणी मैदानाच्या कडेला फार तर पन्नास-साठ माणसं असतील. पाच मिनिटं आधी उठून गेलेल्यांना दुसऱ्या दिवशी ते नुसतं ऐकावं लागलं.

तुम्हाला वाटेल, हा खेड्यातल्या मैदानाचा प्रकार झाला. पण मोठ्या मैदानांची गोष्ट काही वेगळी नाही. मुंबईचं वानखेडे स्टेडियम घ्या. 10 जानेवारी 1985 रोजी तिथे मुंबई आणि बडोदा यांच्यात रणजी करंडकाचा सामना चालू होता. बडोद्याच्या तिलक राजच्या एका षटकात रवी शास्त्रीने सहा चेंडूंवर सहा षटकार मारले. त्या डावात त्याने 113 मिनिटांत द्विशतक केलं. प्रथम श्रेणी क्रिकेटमधलं ते त्या वेळचं सर्वांत वेगवान द्विशतक होतं. त्याच्या आधी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये एका षटकात सहा षटकार एकाच माणसाने मारले होते, गॅरी सोबर्सने, 1968 साली वेल्समधल्या स्वॉन्सी इथे. सोबर्सच्या वेळी बीबीसीचा कॅमेरा मैदानावर होता, म्हणून ते षटक आजही पाहता येतं. वानखेडेवर त्या दिवशी होता तो रणजी सामन्याला येणारा नेहमीचा तुरळक प्रेक्षक. ज्यांनी कामावरून रजा काढून किंवा सहज वाकडी वाट करून मैदान गाठलं होतं, त्यांच्याच पदरात ते षटक पडलं.

त्याच मैदानावर 4 डिसेंबर 2021 रोजी न्यूझीलंडच्या एजाज पटेलने भारताचे दहाच्या दहा गडी बाद केले. कसोटी क्रिकेटच्या इतिहासात हे त्याआधी दोनदाच घडलं होतं. 1956 साली मँचेस्टरला जिम लेकरने केलं, आणि 1999 साली दिल्लीत अनिल कुंबळेने. एजाजचा जन्म मुंबईतला. तो आठ वर्षांचा असताना घरची मंडळी न्यूझीलंडला गेली. जन्मगावी परतून त्याने 119 धावांत 10 बळी घेतले. आणि पाहायला माणसं किती? करोनाच्या निर्बंधांमुळे स्टेडियमच्या क्षमतेच्या चौथ्या हिश्श्याएवढ्याच प्रेक्षकांना आत सोडण्याची परवानगी होती. पुढं न्यूझीलंडचा डाव 62 धावांत आटोपला आणि भारताने सामना 372 धावांनी जिंकला. म्हणजे सामना हरलेल्या संघातल्या एका माणसाने इतिहास घडवला, आणि तो पाहिला थोडक्या लोकांनी. निकालापुरता खेळ पाहणाऱ्याला हे गणित सुटायचं नाही.

आता प्रश्न असा येतो की पाहणारे थोडे, आणि तेही एक दिवस जाणारच. मग असा क्षण टिकतो कसा? इथे मला मैदानावरच्या एका माणसाची आठवण करून द्यायची आहे. त्याच्याकडे कुणी पाहत नाही, त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही. तो कडेला टेबल-खुर्ची टाकून बसलेला असतो, हातात पेन्सिल असते, समोर वही. तो गुणलेखक.

पुण्याची गोष्ट सांगतो. डिसेंबर 1948. पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र आणि काठियावाड यांचा रणजी सामना होता. महाराष्ट्राकडून भाऊसाहेब निंबाळकर खेळत होते, मूळचे कोल्हापूरचे. ते नाबाद 443 धावांवर होते. प्रथम श्रेणी क्रिकेटमधला तेव्हाचा विक्रम डॉन ब्रॅडमनच्या नाबाद 452 धावांचा. आणखी दहा धावा झाल्या की विक्रम महाराष्ट्राचा! पण काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, मधल्या सुट्टीनंतर संघ मैदानात उतरवायला तयार झाले नाहीत. त्यांनी सामना सोडून दिला. महाराष्ट्राच्या 4 बाद 826 धावा झाल्या होत्या. निंबाळकर नाबादच राहिले, आणि विक्रम ब्रॅडमनकडेच राहिला. निंबाळकरांना पुढं एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही. डिसेंबर 2012 मध्ये ते कोल्हापुरात वारले.

त्या दिवशी पूना क्लबवर हजर असलेली किती माणसं आज हयात असतील? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही कदाचित नसतील. तरीसुद्धा प्रथम श्रेणी क्रिकेटमधली भारतीय फलंदाजाची सर्वोच्च धावसंख्या कोणती, असं विचारलं की आजही उत्तर येतं 443. हे कुणामुळे? गुणलेखकाच्या पेन्सिलीमुळे. त्याने 443 लिहिले, म्हणून ते 443 राहिले. नाहीतर एखाद्याने चारशे म्हटलं असतं, एखाद्याने पाचशे, आणि ऐकणाऱ्याने दोघांनाही हसण्यावारी नेलं असतं.

ही झाली मोठ्या संघांची गोष्ट. शाळकरी पोरांच्या खेळाचं काय? इंग्लंडमधल्या क्लिफ्टन कॉलेज या शाळेत जून 1899 मध्ये वसतिगृहांच्या दोन संघांत सामना झाला. ए. ई. जे. कॉलिन्स नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाने त्यात नाबाद 628 धावा केल्या. सामना शाळेच्या आवारातला. आपल्याकडे पाचवी विरुद्ध सहावी खेळतात, तसाच म्हणा. पण तिथे स्कोअरबुक होतं. कॉलिन्स पुढं सैन्यात गेला आणि पहिल्या महायुद्धात 1914 साली मारला गेला. त्याच्या 628 धावांचा विक्रम मात्र वहीच्या पानावर जिवंत राहिला, तब्बल 116 वर्षं.

तो मोडला आपल्या महाराष्ट्रातल्या मुलाने. जानेवारी 2016 मध्ये कल्याणला आंतरशालेय स्पर्धेत प्रणव धनावडेने दोन दिवसांत नाबाद 1009 धावा केल्या. 327 चेंडू, 129 चौकार, 59 षटकार. समोरचा संघ दुबळा होता, हे खरंच आहे. त्यांचे दोन्ही डाव मिळून शंभर धावाही झाल्या नाहीत. पण मला लक्षात घ्यायचं आहे ते वेगळं. हा रिक्षाचालकाचा मुलगा. मैदान शहराच्या उपनगरातलं. आणि तरी बातमी जगभर गेली, कुणी तिच्यावर शंका घेतली नाही. कारण चौकार किती आणि षटकार किती, याचा हिशेब चेंडूगणिक कागदावर होता. मुंबई आणि आसपासच्या शालेय क्रिकेटमध्ये ही लिहिण्याची शिस्त पिढ्यानपिढ्या आहे. तिथला मुलगा खेळतो तेव्हा त्याच्यामागे एक वही उभी असते.

आता या वहीची दुसरी बाजू. वहीत सगळं मावत नाही.

फेब्रुवारी 1980 मध्ये वानखेडेवर भारत आणि इंग्लंड यांच्यात एकच कसोटी झाली, भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त. त्या वर्षी 16 फेब्रुवारीला सूर्यग्रहण होतं, म्हणून सामन्यातला विश्रांतीचा दिवस त्या दिवशी घेतला गेला. ग्रहणासाठी कसोटी थांबली, हेही दुर्मीळच. पण सांगायचं आहे ते पुढचं. भारताच्या 242 धावांना उत्तर देताना इंग्लंडची अवस्था 5 बाद 58 होती. इयान बोथमच्या जोडीला यष्टिरक्षक बॉब टेलर खेळत होता. त्याच्याविरुद्ध झेलाचं अपील झालं आणि पंचांनी बोट वर केलं. आपले कर्णधार होते गुंडाप्पा विश्वनाथ. चेंडू बॅटला लागला नाही, अशी त्यांची खात्री होती. त्यांनी पंचांकडे जाऊन अपील मागे घेतलं आणि टेलरला परत बोलावलं. त्यानंतर बोथम आणि टेलरने 171 धावांची भागी केली. बोथमने 114 धावा केल्या आणि सामन्यात 13 बळी घेतले. भारत दहा गडी राखून हरला.

या सामन्याचा धावफलक काढून पाहा. बोथमच्या धावा दिसतील, टेलरच्या 43 दिसतील, इंग्लंडचा विजय दिसेल. विश्वनाथांचं ते चार पावलं चालत पंचांकडे जाणं धावफलकात कुठल्या रकान्यात लिहिणार? त्याला रकानाच नाही. ते टिकलं ते पाहणाऱ्यांच्या तोंडून. आज विश्वनाथांचं नाव काढलं की त्यांच्या शतकांइतक्याच आदराने हा प्रसंग सांगितला जातो.

असाच एक प्रसंग अमेरिकेतल्या बेसबॉलमधला आहे. बेसबॉल आपल्याला अगदीच परका राहिलेला नाही. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही आहेत. त्या खेळात चेंडू फेकणाऱ्या खेळाडूने समोरच्या संघाच्या लागोपाठ सत्तावीस फलंदाजांना बाद केलं, एकालाही पहिल्या तळापर्यंत पोचू दिलं नाही, तर त्याला 'परफेक्ट गेम' म्हणतात. अमेरिकेच्या मुख्य व्यावसायिक स्पर्धांत 1880 ते 2023 या काळात असं चोवीसदाच घडलं. दीडशे वर्षांत लाखो सामने झाले, आणि हा क्षण चोवीस वेळा आला!

2 जून 2010 रोजी डेट्रॉइट शहरात अर्मांडो गलारागा नावाच्या खेळाडूने सव्वीस फलंदाज बाद केले. सत्ताविसाव्याने चेंडू जमिनीलगत मारला आणि पळाला. चेंडू त्याच्याआधी तळावर पोचला. सगळ्या स्टेडियमने पाहिलं. पण पंच जिम जॉइस यांनी त्याला नाबाद ठरवलं. लोक संतापले. गलारागा मात्र पंचांकडे पाहून किंचित हसला आणि पुढच्या फलंदाजाला चेंडू टाकायला निघून गेला. सामन्यानंतर जॉइस यांनी चित्रीकरण पाहिलं, आपला निर्णय चुकल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि गलारागाची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात संघाची यादी पंचांच्या हाती देण्यासाठी गलारागाच गेला. पंचांच्या डोळ्यांत पाणी होतं. निर्णय मात्र बदलला नाही. नोंदवहीत त्या सामन्याला आजही 'परफेक्ट' म्हटलेलं नाही. पण बाकीचे परफेक्ट सामने ज्यांना सांगता येणार नाहीत, त्यांनाही गलारागाचं हसू ठाऊक असतं.

याच बेसबॉलची एक सवय मला फार आवडते. तिथे पेन्सिलीने नोंद करण्याचं काम गुणलेखकावरच सोडलेलं नसतं. कित्येक साधे प्रेक्षक मैदानावर छापील गुणपत्रक आणि पेन्सिल घेऊन बसतात आणि प्रत्येक फलंदाजाचं काय झालं ते खुणांनी स्वतः लिहितात. बाप मुलाला त्या खुणा शिकवतो. एकोणिसाव्या शतकात हेन्री चॅडविक नावाच्या वार्ताहराने नोंदीची ही पद्धत रुजवली. त्यामुळे एखादा दुर्मीळ सामना घडला की शेकडो घरांत त्याचं हस्ताक्षरातलं पत्रक जपून ठेवलेलं असतं. पाहणारा तिथे लिहिणाराही असतो. आकडे पत्रकावर येतात, आणि हसू-आसू सांगायला माणूस असतो. क्षण टिकायला ही दोन्ही लागतात.

आता मी पुन्हा माझ्या गावाकडे वळतो, कारण आमच्याकडे या दोहोंपैकी पहिलं कधी नव्हतंच, आणि दुसरंही आता संपत चाललं आहे.

आमच्या भागातल्या जत्रेतल्या कुस्त्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्या फडाचं वातावरण माहीत आहे. हलगी कडकडत असते. आधी रेवड्यांवर लहान पोरांच्या कुस्त्या लागतात, मग नारळावरच्या, मग पैशांच्या. दिवस कलला की शेवटची मानाची कुस्ती. अशाच एका शेवटच्या कुस्तीत मी जे पाहिलं ते पुन्हा कधी पाहिलं नाही. दोघे तोडीस तोड होते. बराच वेळ झटापट झाली. एकाने दुसऱ्याला खाली घेतलं, आता घिस्सा ओढून चीत करणार, एवढ्यात खालच्याच्या डोळ्यांत माती गेली. त्याने डोळ्याला हात लावला. तो हात सुटला होता, म्हणजे कुस्ती मारायला याहून चांगली संधी नाही. लोक ओरडत होते, 'मार, मार!' वरच्याने पकड सोडली. उठला, पंचाकडून उपरणं मागून घेतलं, समोरच्याचे डोळे स्वतः पुसले, आणि मग दोघांनी पुन्हा हात मिळवून सलामी घेतली.

हलगीवाला वाजवायचा थांबला होता. त्या शांततेत कुणीतरी एकट्याने टाळी वाजवली, आणि मग फड उसळला. ती कुस्ती अखेर बरोबरीत सुटली. बिदागी दोघांत वाटून दिली. विश्वनाथांनी वानखेडेवर जे केलं, त्याच तोलामोलाची ही गोष्ट आहे, असं मी म्हटलं तर कुणी रागावू नये. फरक एवढाच की वानखेडेवरची गोष्ट जगाला माहीत झाली, आणि आमच्या फडावरची त्या संध्याकाळी तिथे असलेल्या माणसांपुरती राहिली.

वालूर हे नाव ज्यांनी ऐकलंय त्यांनी ते बहुधा आमच्या बारवेमुळे ऐकलं असेल. चक्राकार उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची ही विहीर. फार वर्षं ती गाळाने आणि झाडोऱ्याने भरलेली होती. गावकऱ्यांनी श्रमदान करून गाळ काढला, आणि खालच्या पायऱ्या जशाच्या तशा निघाल्या. मग लांबलांबून माणसं पाहायला यायला लागली. दगडाचं हे बरं असतं. गाळाखाली गेला तरी तो वाट पाहत थांबतो. खेळाचं तसं नाही. खेळ हवेत घडतो आणि हवेत विरतो. पाहिलेल्या माणसांबरोबर तो गेला, की कितीही उकरलं तरी खाली पायरी लागत नाही.

हे मी उगाच म्हणत नाही. कबड्डीचा तो सामना पाहिलेल्यांना मी अलीकडे मुद्दाम विचारत फिरलो. चौघे भेटले. एक म्हणाला, त्याने पाच गडी आणले. दुसरा म्हणाला, तीन. एकाच्या मते समोरचा संघ सेलूचा होता, दुसऱ्याच्या मते एका लहान वाडीचा. साल तर चौघांनी चार सांगितले. चढाई झाली, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत. माझ्या डोळ्यांसमोर चार गडी आहेत, पण त्या चौघांच्या डोळ्यांसमोरही त्यांचे त्यांचे आकडे तितकेच स्वच्छ आहेत.

तो खेळाडू आता राहिलेला नाही. त्याचा नातू शाळेत कबड्डी खेळतो. आजोबांनी एका दमात अख्खं मैदान ओढून आणलं, असं त्याने घरात ऐकलंय. तो मित्रांना सांगतो आणि मित्र हसतात. म्हणतात, पुरावा काय? त्या पोराजवळ दाखवायला काही नाही. कॉलिन्सचा सामना शाळेच्या आवारातला होता, आमचाही शाळेच्या मैदानावरचाच होता. त्यांच्याकडे एक वही होती, आमच्याकडे नव्हती. शौर्य कमी पडलं नाही, पेन्सिल कमी पडली.

कुणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, जो तो चित्रीकरण करतो, आता काय हरवणार? मलाही आधी तसं वाटलं होतं. पण त्या चित्रफितींचं काय होतं ते पाहा. कुठल्या गावचा सामना, कोणती तारीख, खेळाडूचं नाव काय, यातलं काही त्यात नसतं. आठवडाभर ती या फोनवरून त्या फोनवर फिरते. फोन भरला की आधी तीच पुसली जाते. टेनिस चेंडूच्या क्रिकेटला आता मोबाइलवर गुण लिहिण्याची सोय झाली आहे, पोरं ती वापरतात, ही चांगली गोष्ट आहे. पण गावची कबड्डी, खो-खो, कुस्ती? एखादी मुलगी खो-खोत पूर्ण डाव नाबाद पळते, गुण फळ्यावर खडूने लिहिले जातात, आणि संध्याकाळी फळा पुसला जातो. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, महाराष्ट्राचे होते. असे खेळाडू गावोगावच्या मैदानांवरच घडतात. त्यांच्या पहिल्या पळतीची नोंद कुठे असते?

म्हणून माझी एक साधी सूचना आहे, खर्चाची नाही. प्रत्येक शाळेने आणि प्रत्येक गावच्या मंडळाने एक जाड पुठ्ठ्याची वही घ्यावी. मैदानावर जो सामना होईल त्याची नोंद तिच्यात करावी. तारीख, ठिकाण, दोन्ही संघांची नावं, खेळाडूंची पूर्ण नावं, निकाल. खाली दोन्ही संघनायकांच्या सह्या, म्हणजे पुढं वाद नको. हे काम गुरुजींनीच करावं असं नाही. ज्याला खेळता येत नाही पण खेळ आवडतो, असा एक मुलगा किंवा मुलगी प्रत्येक वर्गात असते. पेन्सिल तिच्या हातात द्या. तीही त्या संघातलीच होईल.

आणि पानाच्या तळाशी दोन ओळी कोऱ्या सोडा. जे आकड्यांत बसत नाही ते तिथे लिहायचं. कुणी अपील मागे घेतलं, कुणी समोरच्याचे डोळे पुसले, कोण हरूनही हसला. रोज काही असं घडणार नाही. शंभर पानांत त्या ओळी कोऱ्याच राहतील. पण एकशे एकाव्या पानावर काही घडलं, तर ते लिहायला जागा असेल आणि लिहिणारा हजर असेल.

ज्यांचं वय झालं आहे त्यांच्यासाठी एवढंच, की तुम्ही पाहिलेला एखादा डाव, एखादी कुस्ती, एखादी चढाई तुमच्या मनात असेल, तर ती नातवंडांना सांगा आणि त्यांच्याकडून लिहून घ्या. आकडा पक्का आठवत नसेल तर तसंही लिहा. सोबत आणखी कोण कोण तिथे होतं, त्यांची नावं घाला. साक्षीदार एकापेक्षा दोन बरे.

बाकी घरच्यांचा प्रश्न उरतोच, उन्हातान्हात जाऊन पाहायचं कशाला? त्यांना खुशाल सांगा, काम आहे म्हणून. वही घ्या, पेन्सिलीला टोक काढा, आणि सामना सुरू होण्याआधी वरच्या कोपऱ्यात तारीख घाला.